‘काय करू ते सांग’ म्हणणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं?

पत्र

ताई,

मी मिरजेची. वय ३७. मोठी मुलगी बारा वर्षांची, धाकटा सोनू आठ वर्षांचा. सोनूला सेरेब्रल पाल्सी आहे. चारही हातपाय ताठर, आधाराशिवाय बसता येत नाही, बोलत नाही, पण सगळं समजतं. दोन वर्षांचा असल्यापासून फिट्सही येतात. औषधाने आता कमी आहेत.

तो झाला तेव्हा मी शाळेत शिक्षिका होते. नोकरी सोडली. आठ वर्षं त्याचं खाणं, आंघोळ, डायपर, व्यायाम, औषधं, रात्रीचं कुशीवर वळवणं सगळं मीच करते. घरचे वाईट नाहीत. नवरा मायाळू आहे, पण रोज विचारतो, ‘काय करू ते सांग.’ सांगायचं म्हणजे आधी मी विचार करायचा, मग समजवायचं, मग झालं का ते बघायचं. त्यापेक्षा मीच करून टाकते. सासूबाई ६८ वर्षांच्या, गुडघे दुखतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सोनूला आडवं असतानाच पाणी पाजलं, त्याला जोराचा ठसका लागला, छातीत कफ होऊन ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून मी कोणाला त्याला भरवू देत नाही. त्याही आता जवळ येत नाहीत. दीर-जाऊ पुण्यात. दिवाळीला पैसे पाठवतात आणि एरवी व्हॉट्सॲपवर स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती. मुलगी संध्याकाळी सोनूजवळ बसते म्हणून माझा स्वयंपाक होतो. तिचा चित्रकलेचा क्लास त्यापायी सुटला.

आता जुन्या शाळेने जूनपासून सकाळच्या सत्रात अर्धवेळ यायला विचारलंय. नवरा म्हणतो, ‘तुला जमत असेल तर बघ.’ सगळे म्हणतात, ‘तो तुझ्याशिवाय राहतच नाही.’ आणि खरंच राहत नाही. मी जायचा विचार करते म्हणजे स्वार्थी आहे का?

— एक आई

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही. स्वार्थी माणसं आठ वर्षं थांबून मग हा प्रश्न विचारत नाहीत.

आता खरा विषय. तुमच्या घरात ही कामं वाटली कोणी होती? मला वाटतं, कोणीच नाही. सोनू जन्मला तेव्हा कदाचित काचेत ठेवला असेल, तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर असाल, दूध तुम्हीच पाजणार, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हालाच कळणार. तेव्हा ते बरोबरच होतं. ‘सध्या तू बघ, पुढचं पुढे’ असं काहीतरी ठरलं असेल, किंवा न बोलताच ठरलं असेल. ते ‘सध्या’ आठ वर्षं चालू आहे. घरातल्या आजारपणाला आपण अशीच तात्पुरती व्यवस्था लावतो, कारण आजारपण संपतं. सेरेब्रल पाल्सी तशी संपत नाही. मेंदूला जन्माच्या आसपास झालेली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. वजन वाढतं, ताठर स्नायू उंचीच्या मानाने तोकडे पडत जातात, खुबे सरकण्याचा धोका राहतो, हातापायाला आधार देणारी स्प्लिंट दरवर्षी लहान होते. आठ किलोच्या बाळाला उचलायला केलेली व्यवस्था अठरा किलोच्या मुलाला पुरत नाही. आणि तो पंधरा वर्षांचा होणार आहे.

तेव्हा घरच्यांपुढे विषय मांडताना ‘मी थकले’ इथून सुरू करू नका. तुम्ही थकला आहात हे खरंच आहे, पण त्यावर घरच्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं: ‘चार दिवस माहेरी जाऊन ये.’ चार दिवसांनी सगळं पहिल्यासारखं. त्याऐवजी म्हणा, ‘सोनू मोठा होतोय, आत्ताची पद्धत पुढे चालणार नाही, नवीन ठरवू.’ हे नाकारणं अवघड आहे, कारण त्यात कोणावर आरोप नाही.

नवऱ्याबद्दल. ‘काय करू ते सांग’ हे वाक्य ऐकायला किती समंजस वाटतं! पण त्यात तुम्ही मुकादम आणि तो रोजंदारीवरचा गडी. काम हाताचं तो करणार, डोक्याचं तुमच्याकडेच राहणार. आणि सोनूच्या बाबतीत डोक्याचंच काम मोठं आहे. बाटलीत औषध किती उरलं, वजन वाढलं तर मात्रा बदलायची का, पुढची तपासणी कधी, फिजिओथेरपिस्ट गुरुवारी येणार की नाही, दोन दिवस पोट साफ झालं नाही म्हणून चिडचिड करतोय का. हे सगळं एका डोक्यात असणं हेच तुमचं ओझं आहे.

म्हणून कामाचे तुकडे देऊ नका, आख्खं खातं द्या. मी तुमच्या जागी असते तर फिट्सचं खातं मुळापासून शेवटपर्यंत नवऱ्याकडे दिलं असतं. औषध संपायच्या आठ दिवस आधी आणणं, सकाळ-रात्रीचा डोस मोजून देणं, फिट आली तर तारीख, वेळ, किती मिनिटं, कोणत्या बाजूला झटके, ताप होता का, झोप झाली होती का हे वहीत लिहिणं, जमलं तर मोबाइलवर चित्रण करणं (डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा ते शंभरपटीने उपयोगी पडतं), आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन जाणं. सकाळी नोकरीला जाण्याआधी आणि रात्री आल्यावर बसण्यासारखं हे काम आहे, त्यामुळे वेळेची सबब नाही. शिवाय हे काम ‘आज राहिलं, उद्या बघू’ म्हणण्यासारखं नाही. फिट्सची औषधं एकदम बंद पडली किंवा डोस चुकत गेले तर थांबता न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. ज्याच्या हातात हे आहे, त्याला रोज सोनूकडे बघावंच लागतं.

पहिले दोन आठवडे डोस दिल्यावर वहीत टिंब करायचं आणि तुम्ही ते फक्त बघायचं. त्यानंतर बघायचंही नाही.

आणि पुढच्या तपासणीला तुम्ही जाऊ नका. नवऱ्याला आणि सोनूला दोघांनाच पाठवा. डॉक्टर विचारतील, शेवटची फिट कधी आली, झोप कशी आहे, गिळताना ठसका लागतो का. पहिल्या वेळी नवऱ्याला अर्धी उत्तरं येणार नाहीत, तो तिथून तुम्हाला फोन करेल. उत्तर द्या, पण रिक्षा करून मागोमाग जाऊ नका. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तुम्ही राहता, अंतराचं कारणही नाही. दवाखान्यातल्या बाकावर ताठर मुलाला दीड तास मांडीवर धरून बसणं काय असतं, हे घरात बसून समजवता येत नाही.

आता एक गोष्ट जरा कडू लागेल. ‘तो माझ्याशिवाय राहत नाही’ यात सोनूचा वाटा किती आणि तुमचा किती? ठसक्याच्या प्रसंगानंतर तुम्ही दार बंद केलंत. भीती रास्त होती. आडव्या मुलाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांमध्ये वारंवार होणाऱ्या न्यूमोनियामागे बऱ्याचदा हेच असतं. पण तेव्हा सासूबाईंना कोणी शिकवलं होतं? आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळाला पायावर आडवं घेऊनच बोंडल्याने पाजत आले. त्यांनी जे येत होतं ते केलं. आता दोन वर्षं त्या स्वतःला दोष देत लांब बसल्या आहेत आणि तुम्हाला वाटतंय त्यांनी अंग काढून घेतलं.

त्यांना शिकवा, मात्र तुम्ही शिकवू नका. सुनेने सासूला भरवायला शिकवायचं म्हणजे पहिल्याच चमच्याला मानापमान. स्पीच थेरपिस्ट बोलण्यापुरत्या नसतात, गिळण्याचंही तेच बघतात. एका सत्राला सासूबाईंना सोबत न्या, थेरपिस्टनाच त्यांच्या हातात वाटी देऊ द्या. सरळ बसवायचं, डोकं मागे पडू द्यायचं नाही, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पातळ असल्याने जास्त ठसकतं, सोनूला ते घट्ट करून द्यायचं का हे थेरपिस्टच ठरवतील. भाताची पेज, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळ हे सासूबाईंच्या हातचं तो तुमच्यापेक्षा जास्त खाईल, पैज लावते. उचलाउचल मात्र त्यांच्याकडे अजिबात नको. त्यांचे गुडघे आणि त्याचं वजन, दोघंही पडतील. कोणीतरी खुर्चीत बसवून द्यायचं, त्यांनी भरवायचं आणि गप्पा मारायच्या.

सासूबाई अंगारा लावत असतील, नवस बोलल्या असतील, तर तिकडे दुर्लक्ष करा. त्यावर भांडण करून कोणाचंच भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. फक्त एक रेघ पक्की आखा: औषध कोणाच्याही सांगण्यावरून थांबणार नाही आणि फिट आली असताना तोंडात काहीही घालायचं नाही. ना चमचा, ना पाणी, ना बोट. कांदा, चप्पल नाकाला लावायची नाही, हातात किल्ली द्यायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याचं बटण सैल, घड्याळाकडे नजर. पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर न येता लागोपाठ दुसरी आली, तर थेट दवाखाना. डॉक्टरांनी फिट थांबवणारा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि कधी मारायचा हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवं. दिला नसेल तर पुढच्या भेटीत नवऱ्याने विचारावं. हो, नवऱ्याने.

एवढ्या चार-पाच गोष्टींत चूक चालणार नाही: औषध, भरवण्याची बैठक, उचलण्याची पद्धत, फिट, आणि व्यायाम देताना ताठर पाय ओढणे. या मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. बाकी सगळ्यात चूक चालते. शर्ट उलटा घातला, आंघोळ दुपारी झाली, डायपर तिरका बसला, तासभर टीव्ही लावून दिला, तरी सोनूला काही होत नाही. तुम्हाला होतं. नवऱ्याने सोनूला तयार करताना तुम्ही दाराशी उभं राहून ‘असं नाही, असं’ म्हणणार असाल तर तो पुन्हा ‘काय करू ते सांग’वर येणार. तेव्हा त्या तासाला तुम्ही घरात थांबू नका. भाजी आणायला जा, देवळात जा, मैत्रिणीकडे जा. सोनू पहिले काही दिवस रडेल. आठ वर्षं एकाच हाताची सवय असलेलं मूल रडणारच. बापाचा हात, आजीचा आवाज त्याच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. ही त्याचीही गरज आहे. उद्या तुम्हाला डेंग्यू होऊन आठ दिवस झोपून राहावं लागलं तर तो अचानक परक्या हातात जाईल, त्यापेक्षा आत्ता तुम्ही शेजारच्या गल्लीत असताना शिकलेला बरा.

रात्रीचं बोलू. तुम्ही पत्रात ते एका शब्दात उरकलंत, पण मला तेच सगळ्यात गंभीर वाटलं. आठ वर्षं सलग झोप नसलेल्या बाईने बाकी काहीही वाटून घेतलं तरी तिच्यात त्राण येणार नाही. अर्धी रात्र तू, अर्धी मी अशी वाटणी करू नका; त्यात दोघांचीही झोप मोडते आणि सकाळी कोण किती वेळा उठलं यावर वाद. आख्ख्या रात्री वाटा. नवऱ्याला सुट्टी असते त्याच्या आदल्या रात्री त्याच्या. त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून, सासूबाईंशेजारी झोपा. सोनू आवाज करेल, तुम्हाला जाग येईल, उठू नका. आणि आंघोळ आजपासून नवऱ्याकडे. ओल्या अंगाच्या ताठर मुलाला एकटीने उचलण्यात आयांच्या कमरा कायमच्या जातात. बाथरूममध्ये पाठ टेकायला आधार असलेली बसकी खुर्ची करून घ्या, उचलायला शक्यतो दोघं हवेत.

झोप मिळूनही दोन-तीन आठवडे मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, जगणं नकोसं वाटलं, तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांशी बोला. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालते, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

पुण्याचे दीर-जाऊ. लांबच्या नातेवाइकांना बहुधा खरंच काहीतरी करायचं असतं, आणि काय ते न कळल्यामुळे ते जाहिराती पाठवतात. स्टेम सेलचं एकदाच उत्तर द्या: भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांत केलं जाणारं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, सेरेब्रल पाल्सीसाठी पैसे घेऊन ते टोचणं म्हणजे आशेचा धंदा. मग लगेच दुसऱ्या वाक्यात काम सोपवा, नाहीतर त्यांना फक्त नकार ऐकू जाईल.

कागदपत्रांचं खातं त्यांच्याकडे द्या. ते पुण्यात बसूनही जमतं. सोनूचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे का, मुदत कधी संपते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे आणि त्यात सेरेब्रल पाल्सी येते. त्याखालच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण असतं, आणि त्यात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो. पण दरवर्षी नूतनीकरण आणि दर बिलाचा पाठपुरावा लागतो, आणि तिथेच थकलेल्या आया सोडून देतात. तुमचा नवरा जुन्या करप्रणालीत विवरण भरत असेल तर दिव्यांग मुलाच्या देखभालीसाठी ७५,००० रुपयांची, आणि प्रमाणपत्रात ८० टक्के वा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. दिराने हे एका सुट्टीच्या दिवशी बसून बघावं. आणि एक लांबची गोष्टही त्याच्या कानावर घालून ठेवा: सोनू अठरा वर्षांचा झाला की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. तो अर्ज कोणाच्या नावाने असेल, यावर मोठ्यांनी आत्ताच बोलायला लागावं.

दिवाळीच्या पैशांबद्दल स्पष्ट बोला. ‘वर्षातून एकदा नको, दर महिन्याला थोडे द्या, त्यातून सकाळी चार तासांची बाई ठेवायची आहे.’ आणि मे महिन्यात एक आठवडा जाऊबाईंनी मिरजेला येऊन राहावं. पाहुण्या म्हणून नाही.

मुलीबद्दल मला राग आला, तुमच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर. बारा वर्षांची मुलगी समंजस आहे म्हणून तिच्या पदरात काम पडतं, आणि ‘पुढे ताईच बघेल त्याला’ हे कोणीतरी मावशी तिच्या देखत म्हणून जाते. ते वाक्य तिथल्या तिथे थांबवा: ‘त्याचं आम्ही मोठी माणसं बघतोय.’ फिट येणाऱ्या मुलाजवळ लहान मुलीला एकटं ठेवणं तसंही बरोबर नाही. सोनूला काही झालं तर काय करायचं हे तिला माहीत असावं, जबाबदारी मात्र तिची नसावी. चित्रकलेचा क्लास या महिन्यात पुन्हा सुरू करा, बाकी काही जमो न जमो. संध्याकाळचा तो तास सासूबाई आणि शेजारच्या एखाद्या वहिनी मिळून निघेल. नाही निघाला तर स्वयंपाकात एक भाजी कमी.

एवढं सगळं एका दमात सांगू नका. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, नवरा आणि सासूबाई समोर असताना, दिराला फोनवर घेऊन बसा. आधी आठवडाभर तुम्ही करता ते सगळं एका कागदावर उतरवून ठेवा, रात्री किती वेळा उठता तेही. तो कागद वाचून दाखवू नका, नवऱ्यालाच वाचू द्या. मग विचारा, ‘यातलं कोणतं खातं कोणाकडे?’ सासूबाईंना सगळ्यांत आधी विचारा. दोन वर्षांत त्यांना कोणी विचारलेलं नाही.

नवरा म्हणेल, ‘ऑफिसमुळे मला जमणार नाही.’ काही गोष्टी खरंच जमणार नाहीत, त्या सोडा. पण डोस आणि दवाखाना यावरून मागे हटू नका.

जूनच्या नोकरीला हो म्हणा. ‘तुला जमत असेल तर बघ’ या वाक्यावर मात्र जाऊ नका, नाहीतर जमवायचं सगळं तुमच्यावर आणि बिघडलं तर ‘बघ, मी म्हटलं होतं.’ सकाळचे चार-साडेचार तास भरायचे आहेत. आजूबाजूच्या विशेष शाळांत आत्ताच जाऊन विचारा. शाळेत पाठवणं शक्यच नसेल तर समग्र शिक्षा अभियानातून तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांना घरी येऊन शिकवण्याची सोय आहे, त्यासाठी शिक्षण विभागाच्या गटसाधन केंद्रात जा. शासकीय रुग्णालयांतल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना थेरपी मिळते, तिथेही नवऱ्याने एकदा चौकशी करावी. उरलेल्या वेळाला पगारी बाई आणि सासूबाई. बाईला एप्रिलपासून बोलवा, तुम्ही घरात असताना दोन महिने तिचा हात बसू द्या.

आणि विशेष शाळेच्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ या रकान्यात पहिला नंबर नवऱ्याचा लिहा, दुसरा सासूबाईंचा. तुमचा तिसरा.